दोघांचाही प्रामाणिक समज

कवळी दोन तुकड्यांत आली होती, आणि डबीतून उचलायच्या आधीच तिने ती ओळखली. वरच्या जबड्याची, मधोमध तडकलेली, आणि डावीकडचा पुढून दुसरा दात किंचित आत वळलेला, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा टेकवून उभा असल्यासारखा. असा दात कोणी मुद्दाम बसवून घेत नाही. लोक कवळी करतात ती म्हातारपणी का होईना, एकदाचे सरळ दात मिळावेत म्हणून. आजवर तिच्या हाताखालून एवढे जबडे गेले, त्यात वाकडा दात मागून घेणारा माणूस एकच. तिने दोन्ही तुकडे तळहातावर जुळवून पाहिले. काठाचा गुलाबी रंग जरा पिवळा पडला होता, पण काम तिचंच. डबी घेऊन आलेला दवाखान्याचा म्हातारा निरोप्या टेकायला जागा शोधत होता. त्याच्या तोंडात एरवीही तीळ भिजत नसे, आणि आज तर त्याच्याकडे बातमी होती. "जपून हात लावा बाई, कैद्याचे दात आहेत," तो म्हणाला. "कोठडीत पडला म्हणे तोंडावर. तो नाही का, तोतया विवाह अधिकारी. खरा अधिकारी स्वतःचा धंदा सांभाळायला पसार, आणि खुर्चीत बसायला मेव्हणा. सहीशिक्का खऱ्याचा, तोंड याचं. आवाज बरा होता ना. एक अख्खा उन्हाळा लग्नं लावत बसला लेकाचा. आता इतक्या वर्षांनी मेव्हण्या-मेव्हण्यांचं फाटलं आणि सगळं बाहेर आलं. घ्या, पोरं शाळेत जायला लागली आणि आईबाप बिनलग्नाचे." तो स्वतःच हसला. ती म्हणाली, "ठेवा तिथे, दोन दिवसांनी न्या," आणि हातात घासायला काहीच नसताना तिने घासायचं मशीन सुरू केलं.

कवळी करणाऱ्यांना माणसं भेटत नाहीत, जबडे भेटतात. दवाखान्यातून प्लास्टरचा साचा येतो, त्यावर नंबर आणि वय, बस. हा माणूस मात्र भेटला होता, कारण तो भांडत आला होता. बसस्टँडवरचा निवेदक, कुठली गाडी कुठे लागेल ते दिवसभर सांगणारा. नव्या दातांनी त्याचा 'स' शिट्टी घालायला लागला होता आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे अख्खा स्टँड त्याला हसत होता. डॉक्टरांनी कंटाळून त्याला सरळ तिच्याकडे पाठवून दिलं. मग तिने मेणावर दात लावले, त्याला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि बोलायला सांगितलं. तो गाड्यांची नावं घ्यायचा, ती कान देऊन ऐकायची, मेण कोमट करून एखादा दात केसभर हलवायची, पुन्हा बोला म्हणायची. दुपार गेली. शेवटी तो जरा लाजत म्हणाला, "बाई, माझा मूळचा एक दात वाकडा होता, तो तसाच ठेवून बघता का?" तिने तो आत वळवला आणि शिट्टी गेली. त्या आनंदात तो उठून उभा राहिला आणि संध्याकाळच्या सगळ्या गाड्या एका दमात म्हणून गेला. लॅबच्या मालकांनीसुद्धा घासायची मोटर बंद करून ऐकलं. एखाद्याच्या तोंडात इतका वेळ कान घालून बसल्यावर तो माणूस विसरता येतो होय?

आणि पुढच्या उन्हाळ्यात ती एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, ओळीने मांडलेल्या खुर्च्यांच्या पुढे उभी होती. उन्हाने विटलेले पडदे, भिंतीवर घड्याळ नसलेला नुसता खिळा, उजव्या हाताला नवरा मुलगा, मागे त्याची आई, उसासे टाकण्यासाठीच आणल्यासारखी. बाजूच्या दारातून अधिकारी आला, टेबलामागे उभा राहिला आणि खाली मान घालून वाचू लागला. "साक्षीदारांच्या समक्ष, स्वखुशीने." तिला पहिल्यांदा वाटला तो अभिमान. कसला स्वच्छ 'स' आहे, असं तिच्या मनात आलं. स्वतःच्या लग्नात ती शपथ ऐकत नव्हती, दात ऐकत होती. मग त्या माणसाने मान वर केली, ती त्याला दिसली, आणि त्याची जीभ आतून त्या वाकड्या दाताला एकदा लागून गेली. बोलणं कुठे अडलं नाही, पण त्या नजरेत विनवणी होती. एवढंच घडलं. पुढचं त्याने वाचलं, दोघांनी सह्या केल्या, सासूबाईंनी डोळे पुसले. प्रश्न होता तो वाचणं आणि सही यांच्या मधल्या फटीचा. त्या फटीत तिला काय कळलं होतं? माणसं नोकऱ्या बदलतात, स्टँडवरचा माणूस परीक्षा देऊन अधिकारी झाला असेल, असं तिने मनाशी म्हटलं होतं हे तिला आठवत होतं. पण ते तिथे उभं असताना म्हटलं होतं की नंतर, कधीतरी भांडी विसळताना, मनाची समजूत घालायला, हे काही केल्या आठवत नव्हतं. स्टँडवरच्या निवेदकाचा एका वर्षात विवाह अधिकारी होत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग तिला कळलं नाही, असं कसं म्हणायचं?

घरी आली तेव्हा नवरा टेबलाशी बसून त्याच संदर्भातलं सरकारी पत्र आईला वाचून दाखवत होता. आवाज नेहमीचा, सपाट. तो वजनमापं निरीक्षक होता. बाजारात त्याला 'काटा' म्हणत. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की "काटा आला" अशी कुजबुज दुकानादुकानांतून त्याच्यापुढे धावत जायची आणि तागड्या आपोआप सरळ व्हायच्या. लाच सोडाच, त्याने कोणाच्या दुकानातला चहाही कधी घेतला नाही. एकदा एका विधवेचा काटा त्याने उचलून नेला होता. काटा अगदी बरोबर होता, त्या बाईनेच जवळचं वजन टाकून खात्री केली होती, पण त्यावर त्या वर्षाचा शिक्का नव्हता. "बरोबर दाखवतो की नाही ही पुढची गोष्ट," तो म्हणाला होता. "आधी शिक्का आहे का बघायचं. नाहीतर उद्या जो तो म्हणेल माझा काटा बरोबर." सासूबाई म्हणायच्या, "हा जन्मला तेव्हा बोलता येत नव्हतं म्हणून, नाहीतर सुईणीलाही म्हणाला असता, पुन्हा तोला." या म्हातारीशी तिचं सुरुवातीला जमलं नाही, मग तिने तिची कवळी करून दिली आणि जमलं. "सुनेने घातलेले दात आहेत," सासूबाई चारचौघांत सांगायच्या, "सुनेला कसे चावतील?"

"सोपं आहे," तो पत्राची घडी घालत म्हणाला. "मंगळवारी दोघांनी जायचं आणि शपथेवर सांगायचं. समोरचा माणूस खरा अधिकारी आहे असा दोघांचाही प्रामाणिक समज असला, तर लग्न पहिल्या दिवसापासून ग्राह्य. एकाला जरी माहीत असलं की तो कोणी नाही, तर ते लग्नच नाही."

"म्हणजे काय?" सासूबाई म्हणाल्या. "मी होते ना तिथे. माझ्या डोळ्यांदेखत लागलंय. त्यांना म्हणावं, मला विचारा."

"आई, तुझा समज विचारत नाहीयेत."

"माझा समज कोणी विचारलाय कधी."

तिने ओट्याकडे तोंड करून विचारलं, "आणि एखाद्याला माहीत असलं, तर?"

"तर पुन्हा करायचं," तो म्हणाला. मग जरा थांबून, चष्मा डबीत ठेवता ठेवता, "ज्यांना करायचं असेल त्यांनी."

तो हे दुसऱ्या कोणाबद्दल बोलत होता, आपल्याबद्दल नाही. ते ती जाणून होती, पण ते शब्द तिच्या मागे लागले. ज्यांना करायचं असेल त्यांनी. आता त्याला पुन्हा विचारलं तर तो करेल? तिच्या आधी त्याचं एक ठरलं होतं. मुलगी देखणी, शिकलेली, सगळं जुळलेलं. तिने वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं हे त्याला कळलं आणि त्याने एक घाव दोन तुकडे केले. मुलगी रडली, मुलीचा बाप पाया पडायला आला. "दोन वर्षांचं काही नाही," हा म्हणाला होता, "पण रोज तिच्याकडे बघताना मी मोजत बसेन." ही हकिकत सासूबाईंनीच तिला सांगितली होती, लग्नाच्या आधी, सावध करावं तशी. त्या माणसाने तिला पसंत केलं होतं, जिला विचारणारे तोवर थांबले होते. आणि लग्न आधीच दोनदा पुढे गेलेलं. एकदा सासूबाई पडल्या, एकदा त्याची रजा मंजूर झाली नाही आणि खोटं आजारपण कळवायला तो तयार होईना. तिसऱ्यांदा त्या खोलीत उभं राहून ती म्हणणार होती, थांबा, याचे दात मी केलेत? तिला दातखीळ बसली. भीतीने बसली, लाजेने बसली, हव्यासाने बसली. एवढंच असतं तर तिने स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. पण त्या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि आता गढूळ पाणी निवळावं तशी ती वर दिसू लागली होती. तिला तेव्हा बरं वाटलं होतं. इतक्या सरळ माणसाशी आयुष्य बांधून घेताना, हे अगदी पक्कं नाही, कुठेतरी एक खिटी ढिली आहे, हे फक्त आपल्याला ठाऊक आहे, याचं बरं वाटलं होतं. नाटकाला गेल्यावर काही माणसं दाराजवळची खुर्ची धरतात, तशी ती उभी होती त्याच्या शेजारी. उठून गेली नाही ती कधीच. जावंसंही वाटलं नाही. उलट वर्षं गेली तसा तो तिला आवडतच गेला, त्याचा तो बूट जोडीने लावण्याचा सोस, आजारपणात तिच्या उशाशी ताठ बसून काढलेल्या रात्री, सगळ्यासकट. आपला जीव आहे या माणसावर, हे तिला आता या खिटीमुळेच लख्ख कळत होतं, पण आता त्याचा उपयोग काय.

पुढचे दिवस घर तेच, पण सगळं कोणा दुसऱ्याचं असल्यासारखं. त्याचा टॉवेल तिने उचलला आणि पुन्हा दांडीवर ठेवला. कपाटात त्याच्या शर्टांशेजारी आपल्या साड्या लटकताना पाहून तिला चोरून राहिल्यासारखं वाटलं. नवी कवळी घातलेले लोक पहिल्या दिवशी सांगतात, तोंडात कोणी परकं येऊन बसलंय, गिळताही येत नाही आणि काढताही येत नाही. 'नवरा' हा शब्द तिला तसा झाला होता. शेजारीण म्हणाली, "तुमचे मिस्टर आज लवकर आले," तर हिला हो म्हणायला क्षणभर उशीर झाला. कामावर तिने ती तुटकी कवळी प्लास्टरमध्ये बसवली, तडा रुंद केला, नवा गुलाबी मसाला भरला, शिजवली, घासली. सांधा कुठे आहे ते आता तिलाही नखाने शोधावं लागत होतं. निरोप्या न्यायला आला तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणतो तो?" निरोप्या म्हणाला, "म्हणणार काय? सांगतो, मी कोणाला फसवलं नाही, ज्यांना लग्न करायचं होतं त्यांचंच लावलं. अहो, चोर असला तरी बोलतो छान." हा माणूस आपलं नाव घेईल का, एका बाईने मला ओळखलं होतं म्हणेल का, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तो नाव घेणार नाही, याची खात्री पटायला तिला संध्याकाळ लागली. मग कळलं, त्याने गप्प राहणं काही कामाचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण आत काय झाकलेलं आहे हे मुठीला तरी ठाऊक असतंच ना.

रविवारी दुपारी तो तपासणीची पितळी वजनं पुसायला बसला. हे त्याचं दर रविवारचं. बोट लागू द्यायचं नाही, घामानेसुद्धा वजन बदलतं म्हणतो, मऊ फडक्यातून एकेक उचलायचं. सासूबाई आत झोपल्या होत्या. तो मान वर न करता म्हणाला, "परवा आपण दोघांनी काय सांगायचं ते साधंच आहे, पण तरी विचारून ठेवतो. तुला तेव्हा काही वेगळं वाटलं नव्हतं ना?" 'नाही' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला, आणि तिला एकदम त्याच्या मानेचा मागचा भाग दिसला, वाकलेला, केस पांढरे होत चाललेले, कोणावरही संशय न घेणारा. ती म्हणाली, "मी त्याला ओळखलं होतं. बसस्टँडवरचा निवेदक होता तो. त्याची कवळी मी केली होती."

तो फडकं फिरवत राहिला. "कधी ओळखलंस? सहीच्या आधी की नंतर?"

हा प्रश्न फक्त तोच विचारू शकत होता. "आधी," ती म्हणाली.

"आणि तरी सही केलीस."

"केली. तू पुन्हा पुढे ढकललं असतंस. किंवा मोडलं असतंस."

"मोडलं नसतं," तो म्हणाला, आणि थांबला. त्याने उत्तर तपासलं हे तिला दिसलं. "माहीत नाही," तो म्हणाला. "इतकी वर्षं बोलली नाहीस."

"काय बोलणार होते?"

तेच एक वजन तो पुसत होता, बाकीची तशीच पडून होती. त्या तळाच्या गोष्टीबद्दल, दाराजवळच्या खुर्चीबद्दल, तिने सांगितलं नाही, कारण तेवढं तिने स्वतःपुरतंच ठेवलं होतं. ती वाट पाहत होती. तो संतापेल, उठून जाईल, हे तिला चाललं असतं. पण आतून तिला हवं होतं दुसरंच, आणि ते किती हवं होतं याची तिला लाज वाटली. त्याने एकदाच म्हणावं, जाऊ दे, गप्प बस, मी आहे. सगळ्या जगाचे काटे धर, पण माझ्यापुरता एकदा डोळा झाक. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे हेच मागितलं नव्हतं, आणि बहुधा हेच हवं होतं. शेवटी त्याने वजन पेटीतल्या खाचेत ठेवलं आणि म्हणाला, "मंगळवारी जे आहे ते सांग." तिने मान हलवली. संपलं, असं तिला वाटलं, आणि थोडं हलकंही वाटलं. मग ते हलकं वाटणं गेलं आणि नुसती पोकळी राहिली. सोमवारी तो नेहमीसारखा कामावर गेला, नेहमीसारखा आला, जेवला. तिच्याशी बोलताना तो तिच्याकडे बघत होता, आणि मोजत होता की नाही ते तिला कळेना.

मंगळवारी त्या कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर जोडपीच जोडपी बसली होती, इतक्या वर्षांनी पुन्हा लग्नाला आल्यासारखी. कोणी हसत होतं. एक जाडजूड बाई शेजारणीला सांगत होती, "मी तर ह्यांना म्हटलं, नीट वागा, अजून काही लागलेलं नाही," आणि तिचा नवरा मनापासून हसत होता. ती आणि तो मध्ये पिशवी ठेवून बसले होते. आतून नाव पुकारलं गेलं तेव्हा तिने पिशवी उचलली, आणि मधली जागा आपसूक मोठी दिसू लागली. आत एक मध्यमवयीन अधिकारी बाई होत्या, सर्दी झालेल्या, गरम पाण्याचा पेला हातात. त्यांनी दोघांकडून शपथ घेतली आणि कंटाळलेल्या आवाजात त्याला विचारलं, "लग्न लावणारा माणूस अधिकारी नाही, असं तुम्हाला तेव्हा माहीत होतं, किंवा शंका होती?"

"नाही," तो म्हणाला. ते खरं होतं.

बाईंनी लिहिलं. मग तिच्याकडे मान वळवली. तिने श्वास घेतला. वाक्य तयार होतं, सकाळपासून जिभेवर होतं, मी त्याला ओळखलं होतं. पण तिच्या आधी तोच बोलला. "हिलाही नव्हतं," तो म्हणाला. आवाज जरा मोठा होता, बाजारात हुकूम वाचून दाखवताना लागतो तेवढा. "मी शेजारी उभा होतो. हिचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं. त्या माणसाकडे हिने पाहिलंसुद्धा नाही."

बाईंनी नाक पुसलं. "त्यांनाच सांगू दे की. काय हो, बरोबर आहे का हे?"

ती त्याच्याकडे पाहत होती. तो समोर बघत होता, टेबलाच्या कडेवर, आणि त्याचे कान तांबडे झाले होते, पहिल्यांदा खोटं बोललेल्या माणसाचे होतात तसे. तिने खरं सांगितलं असतं तर आता नुसतं लग्न गेलं नसतं. हा माणूस शपथेवर खोटं बोलला, हे त्या पेला धरलेल्या बाईंच्या कागदावर गेलं असतं, आणि ज्याच्या सहीवर बाजार चालतो त्याची सही उद्यापासून कोणी मानली नसती. तिला हवं होतं ते त्याने दिलं होतं, भर दिवसा, न मागता. आता त्याची किंमत तिने ठरवायची नव्हती, नुसती मान हलवायची होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग झालं," बाई म्हणाल्या. "लग्न ग्राह्य. इथे सही करा, आणि तुम्ही इथे. पुढच्यांना पाठवा."

दोघं जिना उतरून रस्त्यावर आले. ऊन चढलं होतं, वाहनं होती, माणसं आपापल्या कामाला चालली होती. तिला त्याचा हात धरायचा होता. तिने धरला. त्याने तो सोडवला नाही, पण हातात काही नसल्यासारखा तो चालत राहिला. पानपट्टीपाशी येऊन तो थांबला. "पुढचा रस्ता बाजारातून जातो," तो म्हणाला. "आपण मागून जाऊ."

मागच्या गल्लीत दोघंच होती. तिने विचारलं, "तू तर म्हणाला होतास, जे आहे ते सांग."

"हो. वाटलं होतं, तू सांगशील आणि मी ऐकून घेईन. एवढं मला जमेल असं वाटलं होतं." तो तसाच चालत होता. "मग तू श्वास घेतलास. आणि मला दिसलं, आता ही बोलणार, आणि संध्याकाळी ही घरी नसणार."

तिचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी केलंस," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. त्यात ना तक्रार होती, ना प्रेम दाखवायची घाई. "एक सांगतो. यापुढे असलं काही असलं तर मला सांगू नकोस. झेपणार नाही म्हणून नाही म्हणत. झेपलं की. काही जड गेलं नाही. बोललो आणि त्या बाईंनी लिहून घेतलं." तो थांबला. "इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं."

जो माणूस गमवायच्या भीतीने ती तेव्हा गप्प बसली, तोच सरळ माणूस आज तिच्यापायी हरवला होता, आणि जो तिच्या शेजारून चालत होता तो तिचा कायदेशीर नवरा होता. घर आलं. सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. "लागलंय की नाही तुमचं लग्न?"

तो चपला काढायला वाकला. एक चप्पल इकडे, एक तिकडे पडली आणि तो तसाच आत गेला. तिने वाट पाहिली, तो वळेल म्हणून. मग ती म्हणाली, "लागलंय, आई."

"मी म्हणत नव्हते का?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. "मग याला काय झालं?"